गाय गाभण का राहत नाही? डांगी गाई, डोंगरचं गवत आणि खनिज मिश्रणाचं गणित

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेला, इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा या तालुक्यांत, गाय पाळली जाते ती बहुतेक वेळा डेअरीच्या हिशेबाने नाही. इथली गाय डांगी. पांढऱ्या अंगावर काळे किंवा तांबडे ठिपके, काळे टणक खूर, आणि मुसळधार पाऊस अंगावरून ओघळून जावा अशी तेलकट कातडी. वर्षातले बहुतेक दिवस ती डोंगरावर चरते आणि संध्याकाळी घरी येते. दूध देते ते घरापुरतं. मालकाची तिच्याकडून एकच मोठी अपेक्षा असते: वासरू. गोऱ्हा झाला तर पुढे भाताच्या चिखलात औताला किंवा घोटीच्या बाजारात विकायला, कालवड झाली तर कळपात एक भर.

हे वासरू वेळेवर आलं नाही, तर गाय वर्षभर नुसती चरते. मग सुरू होतात नेहमीच्या तक्रारी: गाय माजच दाखवत नाही, भरवली तरी उलटते, व्यायली की वार अडकते. आणि मग मोबाईलवर एखादा व्हिडिओ येतो, ‘हे पावडर चारा, २१ दिवसांत गाय गाभण’. ते पावडर म्हणजे बहुतेक वेळा खनिज मिश्रण असतं, म्हणजेच मिनरल मिक्श्चर.

त्याने खरंच गाय गाभण राहते का? थोडक्यात उत्तर असं: खनिजांची कमतरता असेल तर फरक पडतो, कधी कधी फार मोठा. कमतरता नसेल किंवा अडचण दुसरीकडेच असेल, तर गोणी संपते आणि गाय तशीच राहते. या दोन्हींतला फरक कसा ओळखायचा, हा खरा प्रश्न आहे.

वर्षाला एक वासरू, हे गणित किती घट्ट आहे

गाईचा गाभण काळ साधारण २८३ दिवसांचा. वर्षाचे ३६५ दिवस. म्हणजे दर वर्षी वासरू हवं असेल, तर व्यायल्यानंतर ८२ दिवसांच्या आत गाय पुन्हा गाभण राहायला हवी. त्यातले पहिले ४५ ते ६० दिवस गर्भाशय पूर्ववत होण्यात जातात. उरले तीन-चार आठवडे. माजाचं चक्र २१ दिवसांचं असतं, म्हणजे हातात एक संधी, फार तर दोन. एक माज हुकला की २१ दिवस गेले, तीन हुकले की दोन महिने.

डांगी गाय या गणितात बसत नाही, आणि ते तिच्याकडून अपेक्षितही नाही. डोंगरावर वाढलेली कालवड पहिल्यांदा विते तोवर तिची चार वर्षं उलटून गेलेली असतात, आणि दोन वेतांमधलं अंतर सव्वा वर्षाच्या वरच असतं. यातला काही भाग जातीचा, काही वासरू अंगावर पिण्याचा आणि काही भुकेचा. खनिजांचा वाटा या सगळ्याच्या आत कुठेतरी असतो, आणि तो वेगळा काढून मोजणं सोपं नाही.

आपल्याकडचे देशी गाईचे माज आखूडही असतात आणि सौम्यही. बरेचसे रात्रीच येऊन जातात. बाहेरून काहीच न दिसता बीज सुटतं, त्याला पशुवैद्यक ‘मुका माज’ म्हणतात. कळपात वळू फिरत असेल तर मुका माज फारसा आड येत नाही, कारण माणसाला जे दिसत नाही ते वळूला कळतं. अडचण होते कृत्रिम रेतनावर अवलंबून असलेल्या घरात. त्याहून वेगळी अवस्था म्हणजे अंडाशयच थंड पडलेलं असणं. तिथे माज मुका नसतो, तो नसतोच. दोन्ही गाई मालकाला सारख्याच दिसतात, पण डॉक्टरांनी हात घालून अंडाशय तपासलं की फरक कळतो. खनिज आणि पोषणाचा संबंध मुख्यतः या दुसऱ्या अवस्थेशी आहे.

डोंगर हिरवागार, मग कमतरता कसली?

बाहेरच्या माणसाला इगतपुरीचा पावसाळा पाहून हा प्रश्न पडतोच. वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस, गुडघाभर गवत. इथे गुरांना कमी काय?

कमी आहे ते पावसामुळेच. सह्याद्रीचा खडक बेसाल्टचा. मुळात त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह भरपूर. पण हजारो वर्षांच्या पावसाने उतारावरची माती धुतली गेली, विरघळणारी खनिजं ओढ्यांबरोबर खाली गेली आणि मागे उरली तांबडी माती, जिच्यात लोह आणि ॲल्युमिनियम जास्त. हे दोघे फॉस्फरसला घट्ट धरून ठेवतात. मातीत फॉस्फरस असतो, पण गवताच्या मुळांना मिळत नाही. सोडियमचीही तीच गत, ते तर पाण्याबरोबर सगळ्यात आधी जातं. म्हणूनच डोंगरातली गुरं मिठासाठी वेडी होतात. गुराख्याच्या हातात खडेमीठ दिसलं की कळप मागे लागतो.

त्याच जिल्ह्यात पूर्वेला येवला, नांदगावकडे पावसाचं मान याच्या पाचव्या-सहाव्या हिश्शावर येतं. तिथली काळी, चुनखडीची माती कॅल्शियमने भरलेली असते, पण जमीन विम्लधर्मी असल्याने जस्त पिकाला मिळत नाही. म्हणजे एकाच जिल्ह्यात कमतरता दोन प्रकारच्या. सिन्नरच्या गोठ्यात चाललेलं मिश्रण सुरगाण्यात चालेलच असं नाही, ते यामुळे.

दुसरी गोष्ट ऋतूची. आषाढ-श्रावणातलं कोवळं गवत प्रथिनं आणि फॉस्फरस दोन्हींनी चांगलं असतं. कुसळी गवताला कुसळं धरली, मारवेल निसवला, की त्यातला फॉस्फरस बियांत जातो आणि बिया गळून पडतात. दिवाळीनंतर उभं राहतं ते वाळलेलं काड. त्यात पोट भरतं, पण फॉस्फरस कोरड्या वजनाच्या एक दशांश टक्क्याच्याही खाली जाऊ शकतो. वासराला पाजणाऱ्या गाईला साधारण ०.२ टक्के लागतो. घरी आल्यावर समोर पडतो भाताचा पेंढा. पेंढ्यात फॉस्फरस कमी, वाळूसारखी सिलिका जास्त, आणि ऑक्झॅलेट असतं ते कॅल्शियमला बांधून शेणावाटे बाहेर काढतं.

तीनशे किलोची गाय दिवसाला सात किलो कोरडा चारा खाते असं धरलं, तर तिला १४ ग्रॅम फॉस्फरस हवा. उन्हाळ्यातल्या गवतात ०.०८ टक्के असेल तर तिला मिळतो साडेपाच ग्रॅमच्या आसपास. उरलेला येतो तिच्या हाडांतून.

शरीर आधी कुणाला देतं?

हाडं ही गाईची बँक. शरीरातलं जवळजवळ सगळं कॅल्शियम आणि फॉस्फरसचा सुमारे ८० टक्के साठा तिथे असतो. चाऱ्यातून कमी आलं की गाय तिथून काढते, आणि काही महिने बाहेरून काही कळतही नाही. साठा खाली गेला की शरीर वाटपाला बसतं. आधी स्वतःचा जीव, मग अंगावर पिणारं वासरू, आणि सगळ्यात शेवटी पुढचं वासरू. माज येणं ही शरीराच्या लेखी चैन आहे.

फॉस्फरसच्या बाबतीत आणखी एक साखळी आहे, आणि ती बरेचदा लक्षात येत नाही. फॉस्फरस कमी पडला की गाईची भूकच मंदावते. समोर गवत असूनही ती कमी खाते. कमी खाल्लं की ऊर्जा कमी, प्रथिनं कमी, अंग उतरतं, आणि उतरलेल्या गाईचं अंडाशय थंड पडतं. म्हणजे फॉस्फरसचा अंडाशयाशी थेट संबंध किती आणि भुकेमार्फत किती, हे वेगळं करता येत नाही. गाईला त्याने फरक पडत नाही, पण गोणी विकत घेणाऱ्याला पडतो. कारण फॉस्फरस देऊन भूक वाढली आणि समोर चाराच नसेल, तर काय उपयोग?

हाडं चघळणारी गुरं

खनिज आणि वासरं यांचा संबंध सगळ्यात ठळकपणे पुढे आला तो दक्षिण आफ्रिकेत, तोही अपघाताने. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या माळरानावरची गुरं लुळी पडून मरत होती. रोगाला स्थानिक नाव ‘लामसीक्ट’. प्रिटोरियाजवळच्या ऑन्डरस्टेपूर्ट या पशुवैद्यकीय संस्थेचे संस्थापक, मूळचे स्विस असलेले आर्नोल्ड थायलर यांनी १९१९पासून आर्मूट्सफ्लाक्टे नावाच्या फार्मवर त्याचा पाठपुरावा केला. नावाचा अर्थच ‘दारिद्र्याचं माळ’.

उत्तर विचित्र निघालं. गुरं मेलेल्या जनावरांची हाडं चघळत होती, आणि त्या कुजक्या हाडांवरच्या जिवाणूंचं विष, बोट्युलिझमचं विष, त्यांना मारत होतं. हाडं का चघळत होती? कारण गवतात फॉस्फरस नव्हता आणि हाडांत होता. गुरांना स्वच्छ हाडांची भुकटी द्यायला सुरुवात केली, तशी हाडांची ओढ थांबली आणि मृत्यूही थांबले.

मग दिसलं ते कुणी शोधत नव्हतं. भुकटी मिळणाऱ्या कळपात वासरं जास्त होऊ लागली. भुकटी न मिळालेल्या गाईंपैकी निम्म्याच्या आसपास व्यायल्या, मिळालेल्यांपैकी ८० टक्क्यांच्या आसपास. पुढे अमेरिकेत टेक्सासच्या किंग रँचवर आणि उत्तर ऑस्ट्रेलियाच्या कुरणांवर अशाच प्रयोगांत तसाच कल दिसला.

हे आकडे खरे आहेत, पण ते कुठले आहेत हे सांगायचं राहून जातं. ती कुरणं फॉस्फरससाठी जगातल्या सगळ्यात दरिद्री कुरणांपैकी होती. जिथे कमतरता हलकी होती, तिथल्या कित्येक प्रयोगांत पूरक खनिज देऊन गाभण राहण्याचं प्रमाण हललंच नाही. पावडरच्या जाहिरातीत पहिला निकाल छापला जातो, दुसरा नाही.

आपल्याकडेही जनावर हाड, माती, चिंध्या, चप्पल चघळताना दिसलं की जुनी माणसं ‘याच्या अंगात काहीतरी कमी आहे’ म्हणतात. निरीक्षण बरोबर आहे. मात्र शहरात कचराकुंडीवर प्लॅस्टिक खाणारी गाय हे वेगळं प्रकरण, तिथे बहुतेक वेळा पिशवीतलं अन्न हे कारण असतं. आणि जंत झालेलं जनावरही माती खातं.

मांसासाठीच्या गुरांचं संशोधन इथे कसं लागू पडतं?

कुरणावरच्या गुरांचं खनिज आणि प्रजनन यांवरचं बरंचसं संशोधन मांसासाठी पाळलेल्या कळपांवर झालेलं आहे. महाराष्ट्रात गाईची कत्तल १९७६च्या कायद्याने बंद आहे आणि मार्च २०१५पासून बैल आणि वळूंचीही. मग त्या संशोधनाचा डांगीशी काय संबंध?

संबंध असा की तिथेही गाईचं उत्पादन दूध नसून वासरू असतं. गाय वर्षभर बाहेर चरते, खुराक जवळजवळ नाही, वासरू अंगावर पितं आणि हिशेब होतो तो वर्षाकाठी किती वासरं जगली याचा. डांगीच्या घरातही हिशेब तोच, फक्त गोऱ्हा औताला जातो. पश्चिम नाशिकच्या गाईचं दुखणं समजून घ्यायला निफाडच्या होल्स्टिन संकरित गोठ्यापेक्षा ऑस्ट्रेलियाचं कुरण जवळचं आहे. दुधाच्या गाईसाठी लिहिलेली ‘रोज शंभर ग्रॅम खुराकात’ ही सूचना इथे अडते ती याच कारणाने: खुराकच नसतो.

तांबं असून नसल्यासारखं

फॉस्फरसनंतर प्रजननाशी नाव जोडलं जातं ते तांबं, जस्त, मँगनीज, आयोडीन, सेलेनियम आणि कोबाल्ट यांचं. यांना लागते मात्रा मिलिग्रॅममध्ये, पण एखादं नसलं तरी यंत्र अडतं. यात सगळ्यात फसवं तांबं.

तांब्याची कमतरता असलेल्या जनावराचे केस विटतात. काळा रंग तांबूस पडतो, डोळ्याभोवतीचे केस फिके होतात, चष्मा लावल्यासारखे. माज लांबतो, गर्भ टिकत नाही. पण गवतात तांबं तपासलं तर ते पुरेसं निघू शकतं. कारण गाईच्या पहिल्या पोटात, रूमेनमध्ये, मॉलिब्डेनम आणि गंधक एकत्र येऊन तांब्याला असे जखडतात की ते आतड्यातून आत जातच नाही. लोह जास्त झालं तरी तांब्याची वाट अडते. तांबड्या मातीच्या प्रदेशात हे विशेष, कारण गाय आखूड गवत खाताना त्याबरोबर माती खाते आणि मातीत लोह मुबलक. म्हणून ‘लोह वाढवणारं’ टॉनिक इथल्या गाईला देणं बरेचदा उलटंच.

बाकीच्यांचं थोडक्यात. मँगनीज कमी असेल तर माज मुका आणि वासरू वाकड्या पायांचं. आयोडीन कमी असेल तर वासरू कमजोर, कधी मृत, गळ्याशी गाठ घेऊन जन्मलेलं. सेलेनियम आणि ई जीवनसत्त्व कमी असेल तर वार अडकण्याचं प्रमाण वाढतं. कोबाल्ट थेट गाईला लागत नाही, ते रूमेनमधल्या जिवाणूंना लागतं. ते त्यापासून बी-१२ तयार करतात आणि गाय ते वापरते. जस्त कळपातल्या वळूसाठी जास्त महत्त्वाचं, त्यावर वृषणांची वाढ आणि वीर्य अवलंबून आहे. गाय लागत नाही म्हणून दहा गाईंना पावडर चारणाऱ्या घरात वळूकडे कुणी पाहतच नाही, हे नेहमीचं. एक वळू कमजोर निघाला तर दहाही गाई रिकाम्या राहतात.

अ जीवनसत्त्व खनिज नाही, पण त्याचा उल्लेख इथेच हवा. वाळलेल्या गवतात ते उरत नाही. मार्च ते जून हिरवा पाला अजिबात न मिळालेल्या गाईत ते कमी पडतं आणि गर्भावर परिणाम होतो. सुबाभूळ, शेवरी किंवा अंजनाचा मूठभर पाला यासाठी गोळ्यांपेक्षा बरा.

गोणीवर काय वाचायचं?

भारतीय मानक ब्युरोने जनावरांच्या खनिज मिश्रणासाठी आयएस १६६४ हे मानक ठरवलेलं आहे. मीठ नसलेल्या प्रकारात कॅल्शियम किमान २० टक्के, फॉस्फरस किमान १२ टक्के, जस्त ०.८ टक्के, तांबं ०.१ टक्के असावं लागतं. यातला फॉस्फरस सगळ्यात महाग. म्हणून स्वस्त पावडरमध्ये सगळ्यात आधी तोच कमी केलेला असतो आणि जागा भरलेली असते चुनखडीच्या भुकटीने. चव, रंग, वास यावरून हे कळत नाही. गोणीवर फॉस्फरसचा आकडाच छापलेला नसेल, तर ती गोणी दुकानातच ठेवलेली बरी. पांढऱ्या बाटलीतलं ‘कॅल्शियम टॉनिक’ हे खनिज मिश्रण नव्हे. त्यात बाकीची खनिजं नसतात किंवा नावापुरती असतात.

मानकात फ्लोरिनला कमाल मर्यादा आहे, ०.०७ टक्के. कारण फॉस्फरस मुळात रॉक फॉस्फेटमधून येतो आणि शुद्ध न केलेल्या दगडात फ्लोरिन भरपूर असतं. ते दात आणि हाडं खराब करतं. शेतात टाकायचं सुपर फॉस्फेट किंवा डीएपी ‘फॉस्फरसच तर आहे’ म्हणून गाईला चारू नये, ते याचमुळे. आफ्रिकेत वापरलेली हाडांची भुकटीही आता चालत नाही. ब्रिटनमध्ये १९८६ साली उघडकीस आलेल्या ‘मॅड काऊ’ रोगानंतर जगभर ती बंद होत गेली, आणि भारतातही दुभत्या जनावरांच्या खाद्यात मांस किंवा हाडांची भुकटी घालायला अन्नसुरक्षा नियमांनी मनाई आहे. तिची जागा आता डायकॅल्शियम फॉस्फेटने घेतली आहे.

राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने आणि बंगळुरूच्या राष्ट्रीय पशुपोषण संस्थेने निरनिराळ्या भागांतली माती, चारा आणि जनावरं तपासून ‘क्षेत्रनिहाय खनिज मिश्रणा’ची पद्धत पुढे आणली. त्या भागात जे कमी आहे तेवढंच मिश्रणात घालायचं. कल्पना रास्त आहे आणि खर्चही वाचतो. अडचण एवढीच की ती दूध संघांच्या वाटेने पसरली, आणि डोंगरातल्या ज्या पाड्यावरून दुधाची गाडीच जात नाही तिथे ती पोचायला दुसरी वाट लागते.

चरणाऱ्या गाईला द्यायचं कसं?

गाय स्वतःला काय कमी आहे ते ओळखून खाते, हा समज सर्वत्र आहे. मिठाच्या बाबतीत तो खरा आहे, फॉस्फरसच्या बाबतीत थोडाफार, बाकी खनिजांच्या बाबतीत नाही. तांबं कमी आहे म्हणून गाय तांबं शोधत नाही. म्हणून जगभर एकच युक्ती वापरतात: खनिजं मिठात मिसळायची. गाय मिठासाठी येते आणि बाकीचं त्याबरोबर पोटात जातं.

चाटण विटा याच तत्त्वावर असतात. गोठ्यात टांगली की काम सोपं. पण इगतपुरीच्या पावसात उघड्यावरची वीट आठवड्यात विरघळते, आणि कोरड्यात टांगली तर कळपातली दांडगी गाय तिचा ताबा घेते. जिला सगळ्यात जास्त गरज, ती पहिलटकरीण कालवड, मागेच राहते. शिवाय कठीण विटेवरून जीभ फिरवून दिवसाला पन्नास ग्रॅम पोटात जाणं अवघड असतं. विटेवरच सगळी भिस्त ठेवली तर गाईला मीठ मिळतं, फॉस्फरस नाही.

संध्याकाळी दावणीला बांधल्यावर प्रत्येकीच्या पुढ्यात मूठभर काहीतरी ठेवणं, हे कष्टाचं पण भरवशाचं. भाताच्या भागात त्यासाठी हाताशी असलेली सगळ्यात चांगली वस्तू म्हणजे गिरणीतला कोंडा. भाताच्या कोंड्यात फॉस्फरस साधारण दीड टक्का असतो. माणसाच्या किंवा कोंबडीच्या पोटाला त्यातला बराचसा मिळत नाही, पण रूमेनमधले जिवाणू तो सोडवून घेतात. अर्धा किलो कोंड्यातून सात ग्रॅमच्या आसपास फॉस्फरस मिळतो. त्यात १२ टक्क्यांचं पन्नास ग्रॅम खनिज मिश्रण घातलं तर आणखी सहा ग्रॅम. गवतातले साडेपाच धरले तर एकूण साडेअठरा. चौदाची गरज भागून हाडांची बँकही थोडी भरते. कोंडा मात्र पॉलिशचा हवा. तूस मिसळलेल्या जाड कोंड्यात सिलिकाच जास्त, आणि महिनोन्‌महिने ठेवलेला कोंडा खवट होतो, तो गाय खात नाही.

वर्षभर देणं परवडत नसेल तर कधी द्यायचं? विण्याआधीचे दोन महिने आणि नंतरचे तीन, हा काळ सगळ्यात फायद्याचा. रोज ५० ग्रॅमने १५० दिवसांचे होतात साडेसात किलो. दहा गाईंच्या कळपाला ७५ किलो. त्या दिवसाच्या गोणीच्या भावाने गुणून ते एका वासराच्या किमतीशी ताडून पाहता येतं. पूर्वेकडच्या जास्त दुधाच्या संकरित गाईंचा हिशेब मात्र वेगळा. विण्याआधी त्यांना कॅल्शियम जास्त दिलं तर व्यायल्यावर दुग्धज्वर होण्याची भीती असते, तिथे मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची.

मिश्रण देऊनही गाय लागली नाही तर

बहुतेक वेळा याचं उत्तर गाईच्या फासळ्यांवर लिहिलेलं असतं. दुरून फासळ्या मोजता येत असतील, माकडहाडाच्या दोन्ही बाजूंना खळगे पडले असतील, तर तिला आधी चारा हवा, मग पावडर. ऊर्जा आणि प्रथिनं नसताना एकट्या खनिजाने अंडाशय जागं होत नाही. जंत आणि गोचीड रक्त पीत असतील तर दिलेलं खनिज त्यांच्याच वाट्याला जातं. म्हणून पशुसंवर्धन विभागाच्या वंध्यत्व निवारण शिबिरांत जंतनाशक आणि खनिज मिश्रण बरोबरच दिलं जातं.

वासरू दिवसभर गाईबरोबर राहत असेल तर त्याच्या चोखण्यानेही माज लांबतो. मोठ्या वासराला दिवसा वेगळं राखून सकाळ-संध्याकाळच पाजलं, तर काही गाई तेवढ्यानेच माजावर येतात. याला एक पैसा लागत नाही.

काही कारणं मात्र खनिजाने हलणारी नाहीत. गाभण गाय सहाव्या-सातव्या महिन्यात गाभडली तर आधी ब्रुसेलोसिसचा संशय घ्यावा. हा रोग माणसालाही होतो, त्यामुळे गळालेला गर्भ आणि वार उघड्या हाताने उचलू नये. चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना त्याची लस २०१९मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमातून दिली जाते. सोट गढूळ किंवा पूमिश्रित असेल तर गर्भाशयाला सूज आहे. २०२२मध्ये पसरलेल्या लम्पीतून उठलेल्या वळूचं वीर्य काही काळ, कधी कायमचं, बिघडलेलं असू शकतं.

तपासणीबद्दलही एक गैरसमज आहे. एका गाईचं रक्त काढून ‘कॅल्शियम नॉर्मल’ आलं की कमतरता नाही असं होत नाही. शरीर हाडं झिजवून रक्तातली पातळी धरून ठेवतं. तांब्याचा साठा यकृतात असतो, रक्तातलं तांबं अगदी शेवटी घसरतं. एकाच कळपातल्या आठ-दहा जनावरांचे नमुने, त्याच्याबरोबर गवत आणि मातीची तपासणी, असं एकत्र पाहिलं तरच काही सांगता येतं. नमुने कसे आणि कुठे पाठवायचे ते तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळतं, फिरत्या पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे, आणि राज्याचा रोग अन्वेषण विभाग पुण्यात औंधला आहे.

जास्त दिलं तर?

‘खनिजच आहे, जास्त गेलं तरी काय’ हे चुकीचं. सेलेनियमची गरज आणि विषारी मात्रा यांत अंतर फार थोडं. पंजाबात नवांशहर-होशियारपूर भागातल्या काही जमिनींत ते मुळातच जास्त आहे, आणि तिथल्या चाऱ्याने जनावरांचे खूर गळून पडल्याच्या नोंदी आहेत. तांब्याच्या बाबतीत धोका गाईपेक्षा शेजारच्या खुराड्याला. गाईंसाठीचं तांबेयुक्त मिश्रण मेंढ्यांना रोज मिळालं तर ते त्यांच्या यकृतात साठत जातं, आणि एक दिवस लघवी लाल होऊन मेंढी मरते. ज्या घरात गाई आणि मेंढ्या एकाच दावणीजवळ आहेत, तिथे डबा वर ठेवलेला बरा.

लाल लघवी गाई-म्हशींतही दिसते, पण तिचा अर्थ दोन प्रकारे लागतो. व्यायल्यानंतर दोन-चार आठवड्यांत, ताप नसताना झाली तर फॉस्फरसची तीव्र कमतरता हे एक कारण. ताप असेल आणि अंगावर गोचीड असेल तर गोचीड ताप. दोन्हींवर उपाय अगदी वेगळे आहेत आणि दोन्हींत उशीर जिवावर बेततो, त्यामुळे तिथे मिश्रणाचा डबा उघडण्याआधी डॉक्टरांना फोन करावा लागतो.

फरक पडला की नाही, हे २१ दिवसांत कळत नाही. फॉस्फरस सुरू केल्यावर भूक काही आठवड्यांत सुधारते, माती-हाडं चघळणं थांबतं, हे दिसतं. रिकामा झालेला हाडांचा साठा भरायला महिने लागतात. दिवाळीत सुरुवात केली आणि गाय जानेवारीअखेरीस भरली, तर वासरू येतं नोव्हेंबरच्या सुरुवातीला, म्हणजे पुढच्या दिवाळीच्या मागेपुढे. तोवर भिंतीवरच्या कॅलेंडरवर तीन तारखा टिपून ठेवाव्या लागतात: गाय कधी व्यायली, माजावर कधी आली, वळू कधी लागला. डोंगरातले गुराखी वाघबारस करतात आणि गावात वसुबारसेला सवत्स गाईची पूजा होते, त्या सुमारास कळपात किती गाईंच्या मागे वासरू आहे ते मोजून मागच्या वर्षीच्या आकड्याशी ताडून पाहता येतं.